जुन्या पॉवर टिलरचा बेल्ट नजरेने नव्हे, मापाने निवडावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भाताची झोडणी संपून यंत्रे पडवीत उभी राहिली आहेत आणि पुढच्या चिखलणीला अजून काही महिने अवकाश आहे, म्हणूनच हे पत्र आज लिहीत आहे. जूनमध्ये लिहिले असते, तर ते वाचायला कोणाला सवड मिळाली नसती. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तीन दशके फिटर आणि यंत्र-देखभाल हे विषय शिकवले. निवृत्त झाल्यावर गावी राहून घरची भातशेती पाहतो आणि वाडीतील यंत्रांना जमेल तसा हात लावतो. या काळात एकच गोष्ट दरवर्षी इतक्या वेळा पाहिली, की तिच्याकडे आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांचे आणि कृषी विभागाचे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. ती गोष्ट म्हणजे जुन्या पॉवर टिलरला, मळणी यंत्राला किंवा लहान पेट्रोल टिलरला बदली बेल्ट निवडताना होणारी चूक. बेल्ट ही त्या यंत्रातील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक असते, पण तीच चुकीची बसली की ऐन लावणीत चार-चार दिवस वाया जातात.

गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगतो, कारण पुढचे सगळे विवेचन त्यातच आहे. आमच्या वाडीतील एका शेतकऱ्याच्या टिलरला इंजिनापासून गिअरपेटीकडे जाणारे तीन व्ही-बेल्ट, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या पाचरीच्या आकाराचे रबरी पट्टे, शेजारीशेजारी आहेत. कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखलणी चालू असताना त्यातील एक तुटला. यंत्र वीस वर्षांहून जुने, माहितीपुस्तिका केव्हाच हरवलेली आणि अंगावरच्या पत्र्यावरची अक्षरे गंजून गेलेली. त्याने तुटलेल्या बेल्टची टोके जुळवून तो गोल धरला, बाहेरच्या बाजूने टेपने मोजला, तो पावणेत्रेसष्ट इंच भरला, आणि तालुक्याच्या गावी जाऊन त्याने ‘त्रेसष्टचा बी बेल्ट’ मागितला. दुकानदाराने मागितला तो दिला. नवा बेल्ट दोन जुन्या बेल्टांच्या शेजारी चढवला, तेव्हा तो झोळीसारखा लोंबू लागला. इंजिन सरकवण्याच्या खाचा संपेपर्यंत मागे ओढले, तरी तो ताठ होईना. भार सगळा राहिला तो दोन जुन्या बेल्टांवर, आणि तेही थकलेलेच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी जळक्या रबराचा वास सुटला आणि दोन्ही एकापाठोपाठ गेले. लावणीला बोलावलेली माणसे बांधावर बसून राहिली आणि उपटलेला तरवा, म्हणजे भाताची रोपे, पाण्यात पडून राहिला. संध्याकाळी मला बोलावले, तेव्हा मी पहिल्यांदा तुटलेला बेल्ट मागून घेतला आणि त्याची पाठ ओल्या फडक्याने पुसली. तिथे पुसट अक्षरांत ‘बी ६०’ असे लिहिलेले होते.

या साठमध्ये आणि त्रेसष्टमध्ये काय घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे शेतीयंत्रांवर येणारे साधे व्ही-बेल्ट अक्षर आणि आकडा या दोन गोष्टींनी ओळखले जातात. अक्षर म्हणजे बेल्टचा छेद, अर्थात त्याची जाडी-रुंदी: ‘ए’ म्हणजे वरची रुंदी १३ मिलिमीटर आणि जाडी ८, ‘बी’ म्हणजे १७ आणि ११, ‘सी’ म्हणजे २२ आणि १४. आकडा म्हणजे लांबी, पण ती बेल्टच्या आतल्या बाजूची लांबी असते आणि इंचांत असते. कोणताही बंद बेल्ट बाहेरून मोजला, तर तो आतल्यापेक्षा लांब भरणारच, कारण बाहेरचे वर्तुळ मोठे असते, आणि हा फरक बेल्टच्या जाडीच्या सुमारे सव्वासहा पट असतो. ‘ए’ बेल्टमध्ये तो ५० मिलिमीटर म्हणजे दोन इंच येतो, ‘बी’मध्ये ६९ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पावणेतीन इंच आणि ‘सी’मध्ये ८८ मिलिमीटर म्हणजे साडेतीन इंच. बाहेरून पावणेत्रेसष्ट भरणारा ‘बी’ बेल्ट आतून साठच असतो. आमच्या शेजाऱ्याने मोजले ते अचूक होते, पण कोणत्या बाजूने मोजायचे ते त्याला कोणी सांगितले नव्हते. तीन इंच जास्त लांबीचा बेल्ट ताणायचा, तर दोन पुलींमधले अंतर दीड इंचाने वाढवावे लागते, आणि टिलरच्या चौकटीत इंजिन मागे सरकवायला एवढी जागा नसते.

अलीकडे काही बेल्टांवर, विशेषतः लहान पेट्रोल टिलरबरोबर बाहेरून येणाऱ्या बेल्टांवर, इंचांऐवजी मिलिमीटरचा आकडा छापलेला असतो आणि त्यापुढे दोन इंग्रजी अक्षरे असतात. ती ‘एल-आय’ असली, तर आकडा आतल्या लांबीचा आहे असे समजावे. ‘एल-पी’ किंवा ‘एल-डब्ल्यू’ असली, तर तो मधल्या, म्हणजे पिच रेषेच्या लांबीचा, आणि ‘एल-ए’ असली, तर बाहेरच्या लांबीचा. ‘ए १०४१ एल-आय’ असे लिहिलेला बेल्ट म्हणजे दुसरे काही नसून आपला ‘ए ४१’च आहे, कारण ४१ इंच म्हणजे १०४१ मिलिमीटर. त्याचप्रमाणे ‘बी १६५१ एल-आय’ म्हणजे ‘बी ६५’. एवढे कळले, की ‘हा परदेशी बेल्ट आहे, तो इथे मिळणार नाही’ हे उत्तर ऐकून परत येण्याची वेळ येत नाही. मी स्वतः असे तीन बेल्ट जवळच्या बाजारातून, पिठाच्या गिरणीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून आणून बसवले आहेत आणि ते आजही चालू आहेत.

माझे मुख्य म्हणणे इथेच आहे. एखादे मॉडेल कंपनीने बंद केले, विक्रेत्याने दुकान गुंडाळले किंवा पुस्तिका हरवली, म्हणून त्या यंत्राचा बेल्ट मिळेनासा होत नाही. गिअरचा दात किंवा पंपाचा प्लंजर त्या त्या कंपनीचाच लागतो, पण साधा व्ही-बेल्ट हा प्रमाणित भाग आहे. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २४९४ हे मानक खास अशा बेल्टांसाठीच आहे, आणि त्यानुसार बनवलेला ‘बी ६०’ कोणत्याही नामांकित बनावटीचा असला, तरी त्याच खाचेत बसतो. कोकणात जे टिलर जुने होऊनही राबत आहेत, त्यांत १९६७ साली मित्सुबिशीच्या सहकार्याने बेंगळुरूमध्ये सुरू झालेल्या व्हीएसटीचे आणि १९७३ साली केरळात स्थापन झालेल्या ‘कामको’चे टिलर मोठ्या प्रमाणात आहेत. अशी यंत्रे इंजिन धडधाकट असताना केवळ ‘बेल्ट मिळत नाही’ म्हणून भंगारात निघालेली पाहिली, की मनाला फार लागते.

अर्थात याला अपवाद आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. कापणी-मळणी करणाऱ्या मोठ्या हार्वेस्टरवर गती कमी-जास्त करण्यासाठी रुंद, चपटा, दातेरी बेल्ट असतो. तो प्रमाणित ‘ए-बी-सी’ मालिकेत मोडत नाही आणि तो कंपनीच्या भाग क्रमांकानेच घ्यावा लागतो. तिथे अंदाजाला जागा नाही.

नजरेने बेल्ट निवडण्याची सवय आपल्याला का लागली असावी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या लहानपणी गावातल्या भाताच्या गिरणीत ऑइल इंजिनावरून हलरला, म्हणजे भात भरडणाऱ्या यंत्राला, चामड्याचा किंवा कॅनव्हासचा सपाट पट्टा जात असे. तो ढिला झाला, की गिरणीवाला चार बोटे पट्टा कापून काढी आणि टोके पुन्हा क्लिपांनी जोडी. लांबीचे माप तेव्हा यंत्रावरच ठरत असे, दुकानात नव्हे, आणि रुंदी थोडी कमी-जास्त झाली, तरी काम अडत नसे. व्ही-बेल्ट आला, तो मात्र अखंड. तो कापता येत नाही, जोडता येत नाही, आणि त्याची पकड तळाने नसून दोन्ही कडांनी असते. पाचर जशी फटीत घट्ट बसते, तसा तो पुलीच्या खाचेत बसतो आणि जितका ताण येईल, तितका कडांवर दाबला जातो. यंत्र बदलले, पण आमची निवडण्याची रीत सपाट पट्ट्याचीच राहिली.

कडांनी पकड हे एकदा लक्षात आले, की छेद का चुकू नये, ते सांगावे लागत नाही. ‘बी’ खाचेत ‘ए’ बेल्ट घातला, तर तो खोल जाऊन तळाला टेकतो, पाचर राहत नाही आणि बेल्ट घसरू लागतो. उलट ‘ए’ खाचेत ‘बी’ घातला, तर तो खाचेबाहेर उभा राहतो आणि फक्त खालच्या कडांवर तोलला जातो. त्या कडा काही तासांत झिजून जातात. बरोबर बेल्टची पाठ पुलीच्या काठाशी जवळजवळ समपातळीत असते. आणखी एक घोटाळा दिवसेंदिवस वाढतो आहे, तो म्हणजे ‘एसपीबी’ नावाच्या अरुंद व खोल बेल्टचा. त्याची वरची रुंदी ‘बी’ला जवळपास तेवढीच असते, त्यामुळे काउंटरवर दोन्ही सारखे दिसतात, पण त्याची जाडी १३-१४ मिलिमीटर असते, आणि त्यावरचा आकडा इंचांचा नसून मिलिमीटरमधील पिच लांबीचा असतो. तो त्याच्यासाठी कापलेल्या पुलीवर उत्तम चालतो, पण जुन्या टिलरच्या उथळ ‘बी’ खाचेत तो तळाला टेकण्याचा धोका असतो. ‘जरा जाड आहे, म्हणजे जास्त टिकेल’ असे म्हणून तो घेऊ नये.

दातेरी बेल्टबद्दलही असाच गैरसमज आहे. ‘एएक्स’, ‘बीएक्स’ अशी अक्षरे असलेल्या बेल्टला आतल्या बाजूने आडव्या खाचा असतात, त्यामुळे तो लहान पुलीवर सहज वाकतो आणि कमी तापतो. साध्या ‘बी’ बेल्टला किमान १२५ मिलिमीटर व्यासाची पुली हवी आणि ‘ए’ला ७५ मिलिमीटरची. जिथे कारखान्यानेच याहून लहान पुली दिली आहे, तिथे दातेरी बेल्ट घेणे शहाणपणाचे आहे. मात्र या दातेरी बेल्टच्या कडांवर सहसा कापडाचे वेष्टन नसते, रबर उघडेच असते आणि त्याची पकड फार कडक असते. ज्या लहान टिलरमध्ये किंवा कापणी यंत्रात वेगळा क्लच नसून, हँडलवरची दांडी ओढली की ताणपुली बेल्टवर दाबली जाते आणि यंत्र चालू लागते, तिथे बेल्टच क्लचचे काम करत असतो. त्याने आधी थोडे घसरून मग हळूहळू पकडायचे असते. तिथे कापडाने गुंडाळलेला बेल्टच हवा, आणि काही कंपन्या अशा जागी जाड वेष्टनाचा, आत अधिक बळकट धागे भरलेला बेल्ट देतात, तो मिळाला तर त्याहून उत्तम. उघड्या कडांचा बेल्ट घातला, तर दांडी ओढताच यंत्र झटक्याने पुढे उडी घेते, दांडी सोडल्यावरही बेल्ट पूर्ण सुटत नाही, आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पायावर फाळ जाण्याचे संकट उभे राहते. हा प्रश्न केवळ बेल्टच्या आयुष्याचा नाही, माणसाच्या पायांचा आहे. म्हणून दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, की ‘क्लचचा बेल्ट आहे का?’ हा एक प्रश्न त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावा.

आता ज्यांच्या बेल्टवर आकडाच उरलेला नाही, त्यांनी काय करावे? जुना बेल्ट टेपने मोजून लगेच दुकान गाठू नये, कारण तो ताणून लांबलेला असतो आणि त्याच्या कडा झिजून रुंदीही कमी झालेली असते. १७ मिलिमीटरचा बेल्ट झिजून १५चा झाला, की तो ‘ए’ आहे की ‘बी’ असा संभ्रम पडतो. त्यासाठी पुलीच्या खाचेची वरची रुंदी आधी पाहावी. ती साडेसोळा-सतराच्या आसपास असेल, तर ‘बी’ आणि तेराच्या आसपास असेल, तर ‘ए’. मग इंजिनाचे बोल्ट ढिले करून ते सरकण्याच्या मार्गावर आतल्या टोकापासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर ठेवावे, म्हणजे नवा बेल्ट चढवायला पुढे जागा राहते आणि तो पुढे ताणला जाईल, तेव्हा मागे सरकवायला त्याहून अधिक जागा राहते. ताणपुली असेल, तर ती सैल सोडावी. आता न ताणणारी बारीक तार दोन्ही पुलींच्या काठावरून फिरवून तिची लांबी मोजावी. सुतळी घेऊ नये, ती ताणते आणि माप चुकवते. ही लांबी बाहेरच्या बाजूची झाली. ‘बी’ असेल, तर तीतून पावणेतीन इंच वजा करावेत, ‘ए’ असेल, तर दोन इंच, आणि जो आकडा येईल, त्याच्या जवळचा बेल्ट मागावा.

ज्यांना हिशेबाची आवड आहे, त्यांच्यासाठी कागदावरची रीतही सांगतो, कारण माझ्या विद्यार्थ्यांना ती फार उपयोगी पडत असे. दोन पुलींच्या केंद्रांमधील अंतराची दुप्पट करावी. त्यात दोन्ही पुलींच्या पिच व्यासांच्या, म्हणजे बेल्टची मधली रेषा जिथून फिरते तिथल्या व्यासांच्या, बेरजेची १.५७ पट मिळवावी. शेवटी व्यासांमधील फरकाचा वर्ग करून, त्याला केंद्रांतराच्या चौपटीने भागून आलेली संख्या मिळवावी. समजा, पुली १२५ आणि २०० मिलिमीटरच्या आहेत आणि केंद्रांतर ५०० आहे, तर १००० अधिक ५१० अधिक जवळजवळ ३ म्हणजे १५१३ मिलिमीटर होतात. ही पिच लांबी झाली. ‘बी’ बेल्टची आतली लांबी यापेक्षा सुमारे ४३ मिलिमीटरने कमी, म्हणजे १४७० मिलिमीटर. तिला २५.४ने भागले, की ५७.९ येतात, म्हणून बेल्ट ‘बी ५८’. जो हे ४३ मिलिमीटर वजा करायला विसरेल, तो ‘बी ६०’ घेऊन येईल आणि मग बेल्ट ढिला का, म्हणून दुकानदाराशी वाद घालील.

एकाच पुलीवर दोन-तीन बेल्ट असतील, तर त्यांतील एक तुटला तरी सगळे बदलावेत, हा नियम पैशांची उधळपट्टी वाटतो, पण त्याच्याइतकी बचत दुसऱ्या कशातही नाही. जुने बेल्ट लांबलेले असतात, त्यामुळे नवा बेल्ट त्यांच्या शेजारी बसवला, की तो एकटाच ताठ राहतो, सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो अकाली जातो. आमच्या शेजाऱ्याच्या बाबतीत उलटे झाले, कारण नवा बेल्टच लांब होता, पण भार विषम वाटला गेल्याचा परिणाम तोच झाला. तीनही बेल्ट एकाच बनावटीचे असावेत. काही बनावटींत लांबीच्या आकड्याजवळ ५०च्या आसपासची आणखी एक संख्या छापलेली असते. ५० म्हणजे नेमकी नमूद लांबी, त्याहून जास्त म्हणजे किंचित लांब आणि कमी म्हणजे किंचित आखूड. अशी संख्या असेल, तर तिन्ही बेल्टांवर ती एकच आहे, हे काउंटरवरच पाहून घ्यावे. सुटलेल्या जुन्या बेल्टांतला बरा एखादा अडीअडचणीसाठी जपून ठेवायला हरकत नाही, पण तो नव्यांच्या पंगतीला बसवू नये.

नवे बेल्ट घेण्याआधी पुली पाहायला बहुतेक जण विसरतात. पुलीची खाच तळाला चकचकीत दिसत असेल, तर बेल्ट तळाला टेकत होता, असे समजावे. कडांना बोट फिरवल्यावर मध्ये वाटीसारखा खोलगटपणा जाणवत असेल, तर त्या पुलीने आजवर जेवढे बेल्ट खाल्ले, तेवढेच पुढेही खाईल. व्ही-बेल्टचा स्वतःचा कोन ४० अंशांचा असतो, पण वाकताना त्याची आतली बाजू फुगते आणि बाहेरची आक्रसते, त्यामुळे तो कोन लहान होतो, म्हणूनच लहान पुलीची खाच ३४ अंशांची आणि मोठीची ३८ अंशांपर्यंत कापलेली असते. झिजलेली खाच लेथवर कशीही कापून ‘साफ’ करून देणारे कारागीर हा कोन सांभाळत नाहीत, हे मी दुःखाने नमूद करतो. दुकानांत पत्र्याचे खाच-मापक ठेवणे अवघड नाही. आमच्या संस्थेत मुले ते कानस घासून तयार करीत असत.

चढवण्याच्या वेळी तर आपण बेल्टचा जीवच घेतो. बोल्ट ढिले न करता स्क्रू-ड्रायव्हर घालून बेल्ट पुलीवर बळेच चढवला, की आतले पॉलिएस्टरचे धागे तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पण आठवडाभरात तो बेल्ट खाचेत उलटा होतो आणि दोष कंपनीला दिला जातो. इंजिन पुढे घेऊन बेल्ट हाताने चढवावा, दोन्ही पुली एका रेषेत आहेत की नाही, हे त्यांच्या कडेला ताणलेला दोरा लावून पाहावे, आणि मग ताण द्यावा. ताणाचे ढोबळ माप असे, की दोन पुलींमधील बेल्टच्या मोकळ्या लांबीच्या मध्यावर दाबले असता प्रत्येक मीटरला १६ मिलिमीटर, म्हणजे ४०० मिलिमीटर मोकळ्या लांबीला सहा-साडेसहा मिलिमीटर तो दबला पाहिजे, आणि ‘बी’ बेल्टला त्यासाठी दोन ते तीन किलोचा दाब पुरावा. त्याहून ढिला असेल, तर तो घसरून जळतो, आणि त्याहून ताठ असेल, तर इंजिनाच्या आणि गिअरपेटीच्या बेअरिंगवर भार येतो, ज्यांची किंमत बेल्टच्या अनेक पट असते. नवा बेल्ट अर्धा तास चालला, की खाचेत बसतो आणि सैल होतो, म्हणून त्यानंतर आणि पुन्हा पहिल्या दिवसअखेर ताण तपासावा. घसरणाऱ्या बेल्टवर राळ किंवा साबण चोळण्याची जुनी युक्ती सपाट पट्ट्याच्या काळातली आहे. ती व्ही-बेल्टच्या रबराला घातक आहे आणि घसरण्याचे खरे कारण लपवून ठेवते. हे सगळे करताना इंजिन बंद असावे, आणि काम झाल्यावर बेल्टवरचा पत्र्याचा गार्ड पुन्हा लावावा. ‘गरम होते’ म्हणून काढून ठेवलेल्या गार्डमुळे पंचा किंवा पदर बेल्टमध्ये ओढला जाऊ शकतो, आणि त्याला क्षणही लागत नाही.

महोदय, हे सर्व प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करावे, अशी माझी अपेक्षा नाही आणि तसे व्हायची गरजही नाही. शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून २०१४-१५ पासून अनुदानावर यंत्रे दिली जात आहेत आणि आज त्यासाठीचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावरून होतात. यंत्र घरी आल्यावर अधिकारी त्याची पाहणी करतात, छायाचित्र घेतात, क्रमांक टिपतात. त्याच वेळी त्या यंत्राला कोणते बेल्ट लागतात, किती लागतात, त्यांतील कोणता क्लचचे काम करतो, एवढ्या तीन ओळी मराठीत कोरलेली एक पत्र्याची पट्टी यंत्रावर रिव्हेटने पक्की केलेली आहे की नाही, हे तपासणे अनुदानाच्या अटींत का घालू नये? कंपन्यांना हे अजिबात जड नाही. आज ही माहिती असलीच, तर इंग्रजी पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर आकृतीतल्या क्रमांकांत दडलेली असते, आणि अनेकदा तिथेही बेल्टचा प्रमाणित आकडा न देता कंपनीचा स्वतःचा भाग क्रमांक दिलेला असतो, म्हणजे शेतकऱ्याने त्याच विक्रेत्याकडे यावे. मोठ्या शहरात राहणाऱ्याला हे चालेल. आमच्याकडे अधिकृत विक्रेता पन्नास-साठ किलोमीटरवर असतो आणि पावसात घाट बंद असतो.

जुन्या यंत्रांसाठी दुसरे काम करावे लागेल. तालुक्यातल्या भाड्याने अवजारे देणाऱ्या अवजारे बँका, कृषी सेवा केंद्रे आणि शेतकरी गट यांच्याकडे मिळून पुष्कळ मॉडेल आहेत. प्रत्येकाचे बेल्ट एकदा नीट मोजून तालुक्याची एक यादी करणे आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, हे एका उन्हाळ्यात होण्याजोगे काम आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील कृषी अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुले यात सहज सहभागी होऊ शकतील. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी तिघांना घेऊन मी आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतील यंत्रांची अशी मोजणी या आठवड्यात सुरू केली आहे. पहिल्या दिवशी पाहिलेल्या सात टिलरपैकी तीनवर चुकीच्या लांबीचा किंवा चुकीच्या छेदाचा बेल्ट सापडला. सातांपैकी एकाच मालकाने बेल्टचा आकडा पांढऱ्या रंगाने गार्डच्या आतल्या बाजूस लिहून ठेवला होता. तो मालक यंत्रावर काम करणारा शिकलेला मेकॅनिक नाही. त्याच्या वडिलांनी बैलगाडीच्या चाकाच्या धावेचे माप असेच घराच्या तुळईवर लिहून ठेवलेले होते, असे त्याने सांगितले.

आपल्या वृत्तपत्राच्या कृषी पुरवणीत मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे दुकानांत माल असताना आणि शेतकऱ्याला सवड असताना, ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ बेल्टांची मापे, बाहेरच्या लांबीतून वजा करायचे इंच आणि मिलिमीटरच्या आकड्यांचे इंचांतील रूपांतर असा एक लहान तक्ता छापावा, अशी माझी विनंती आहे. तक्ता तयार करून पाठवण्याची जबाबदारी मी घेतो. पाण्याने भिजणार नाही अशा जागी, पडवीच्या खांबावर लोक तो चिकटवून ठेवतील.

आपला विश्वासू,
औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा एक निवृत्त निदेशक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग